त्रिनिदादचं खाणं: कधी, कुठे, कसं खायचं आणि घरी कसं करायचं

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर खायला सुरुवात सकाळी सहाला करायची. हॉटेलातला नाश्ता मांडून होईपर्यंत रस्त्यावरच्या गाड्यांवरची पातेली तळाला गेलेली असतात. या बेटाचं खरं खाणं रस्त्यावर, घरात आणि पूजेच्या मांडवात आहे, आणि त्याला वेळ आहे, वार आहे, सण आहे. डबल्स सकाळी, रोटी दुपारी, कालालू ही अळूची घोटलेली भाजी रविवारी, सॉरेल हे अंबाडीच्या बोंडांचं सरबत नाताळात. वेळ चुकली की पदार्थही हुकतो. म्हणून कुठल्या हॉटेलात जायचं याची यादी करण्याआधी दिवसाची आखणी करा.

त्याआधी थोडा इतिहास, कारण तो ताटात दिसतो. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज भारतातून करारावर नेलेले मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ साली ही पद्धत थांबेपर्यंत सुमारे १,४४,००० माणसं उसाच्या मळ्यांवर कामाला आली. त्यांतली बहुतेक आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. त्यांच्या आधीपासून इथे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक होते, फ्रेंच मळेवाले होते, स्पॅनिश राजवटीच्या खुणा होत्या. एकाच घरात तवा, बेलना, भाजी, चोखा हे शब्द आणि शेजारीच कालालू, पेलाऊ, पास्तेल हे शब्द नांदतात ते त्यामुळे. वडिलांच्या आईला तिथल्या भारतीय वंशाच्या घरांत अजूनही 'आजी' म्हणतात, आईच्या आईला 'नानी'. हे ऐकून मराठी माणसाला गहिवरून येतं, पण हा 'आजी' भोजपुरीतून आलेला आहे हे लक्षात असू द्या.

खाण्याचंही तसंच आहे. जिन्नस आपल्या ओळखीचे आहेत: अळू, तूर, वांगं, चिंच, कैरी, अंबाडी. हात मात्र वेगळा आहे. पावणेदोनशे वर्षांत तो हात आफ्रिकी, फ्रेंच आणि चिनी शेजाऱ्यांबरोबर घडला. 'चना' ऐकून पंजाबी छोले शोधाल, तर समोरच्या द्रोणातल्या चवीवर अन्याय कराल. आपल्या पदार्थाशी ताडून न पाहता पहिला घास घ्या. तुलना नंतर करा, कारण घरी करून बघताना ती उपयोगी पडते.

सकाळ: डबल्स

डबल्स म्हणजे हळद घातलेले दोन मऊ बरे, त्यांवर सरबरीत शिजवलेले काबुली चणे आणि वरून चटण्या. 'बरा' हा आपल्या वड्याचाच भोजपुरी भाऊबंद, पण इथे तो डाळीचा नसून मैद्याचा आणि यीस्टने फुगवलेला असतो. या खाण्याची सुरुवात १९३६ च्या सुमारास दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये दीन कुटुंबाने केली असं मानतात. आधी एकाच बऱ्यावर चणे मिळत. गिऱ्हाइकं 'डबल' मागू लागली आणि तेच नाव पडलं.

मागायची रीत अशी. गाडीजवळ जाताच आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. ही तिथली पक्की रीत आहे. दुकान, टॅक्सी, दवाखान्याची खोली, कुठेही शिरताना अभिवादन न करणारा माणूस उद्धट समजला जातो. मग किती हवेत ते आणि तिखट किती ते सांगायचं. तिखटाला तिथे 'पेपर' म्हणतात आणि त्याची मापं ठरलेली आहेत: 'नो पेपर', 'स्लाइट', 'मीडियम' आणि सगळ्यात पुढे 'प्लेन्टी'. ठेचा खाणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी 'स्लाइट'च मागावं. दक्षिण किनाऱ्यावरच्या मोरुगा गावाच्या नावाची जी 'स्कॉर्पियन' मिरची आहे, तिची सरासरी तिखटपणा मोजणीत २०१२ साली १२ लाख स्कोव्हिल एककांच्या वर गेली होती. गाडीवरच्या चटणीत सहसा स्कॉच बॉनेट जातीची मिरची असते. तीही आपल्या लवंगीच्या पुढची, शिवाय तिला फळासारखा गोडसर वास असतो. तो वास ओळखायला शिका, कारण त्रिनिदादच्या निम्म्या चवीची किल्ली त्यात आहे.

विक्रेता मेणकागदावर दोन बरे एकमेकांवर थोडे सरकवून ठेवतो, त्यावर चणे, चिंचेची चटणी, किसलेली काकडी आणि 'कुचेला' घालतो. कुचेला म्हणजे कैरीचा कीस उन्हात वाळवून मसाला आणि मोहरीच्या तेलात मुरवलेलं लोणचं. कागद हातावर उघडायचा, वरच्या बऱ्याचा तुकडा तोडून त्यानेच चणे उचलायचे आणि उभ्याउभ्याच खायचं. चमचा मागू नका. पैसे बहुधा खाऊन झाल्यावर देतात, सुटे जवळ ठेवा. एकाने भागत नाही, दोन धरून चला.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनबाहेर क्युरेप हे नाव डबल्ससाठी घेतलं जातं. दक्षिणेत डेबे गावच्या मुख्य रस्त्यावर टपऱ्यांची ओळच आहे. तिथे डबल्सच्या जोडीला फुलोरी आणि बैंगनी ही भजी, बटाटा भरलेला आलू पाय आणि सहिना मिळतो. सहिना आवर्जून खा. अळूची पानं वाटाण्याच्या डाळीच्या पिठात घालून तळतात. जुन्या पद्धतीत पानांना पीठ लावून गुंडाळी करतात, कापतात आणि तळतात. ही अळूवडीची बहीणच. फक्त तिच्यात गूळ-चिंच नाही. आंबटगोड चटणी वरून, वडीला चीर देऊन आत भरतात.

डबल्स नको असतील त्या सकाळी 'सादा रोटी' आणि चोखा. सादा रोटी मैद्याची, बेकिंग पावडर घातलेली, आपल्या भाकरीएवढी जाड, तव्यावर भाजून फुगवलेली. वांग्याच्या चोख्यात वांग्याला चिरा देऊन लसणाच्या पाकळ्या खुपसतात आणि मग जाळावर भाजतात. त्यामुळे लसूण आतल्या आत वाफवला जातो. आपल्या भरताला ही युक्ती जशीच्या तशी लागू पडते, आणि मी ती कायमची उचलली आहे. टोमॅटोचा चोखाही तितकाच गोड लागतो. आफ्रिकी वंशाच्या घरांत सकाळी नारळाचा 'बेक' हा पाव आणि 'बुलजोल' असतो, बुलजोल म्हणजे खारवलेला कॉड मासा भिजवून, उकळून, सोलून कांदा-टोमॅटो-तेलात कालवलेला. सोबत 'कोको टी': किसलेल्या कोकोच्या कांडीत दालचिनी, जायफळ आणि दूध. कोकोची त्रिनितारिओ ही जात याच बेटाच्या नावाची आहे, त्यामुळे तो प्याला चुकवू नका.

दुपार: रोटीचं दुकान

त्रिनिदादमध्ये 'रोटी' म्हणजे नुसती पोळी नव्हे, पोळीसकट अख्खं जेवण. काउंटरवर दोन प्रश्न येतात. पहिला: कातडी कुठली? कातडी म्हणजे बाहेरची पोळी. दालपुरीत शिजवून वाटलेल्या पिवळ्या वाटाणाडाळीचं जिरं-लसणाचं सारण असतं. पुरणपोळीचा हात असलेल्या माणसाला तिचं पातळपण बघूनच कौतुक वाटेल. तिच्यात रस्सा-भाजी भरून चौकोनी घडी घालतात. दुसरा प्रकार 'बस-अप-शट'. हा पदरांचा, भरपूर तुपा-तेलाचा पराठा. तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी बडवून त्याच्या चिंध्या करतात. फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून हे नाव. हा गुंडाळून मिळत नाही. तुकड्यांनी भाजी उचलून खायचा असतो, म्हणून बसायला जागा असेल तेव्हाच मागा.

दुसरा प्रश्न: आत काय? शाकाहारी माणसाची इथे चैन आहे. चना-आलू, भोपळा, बोडी म्हणजे आपल्या चवळीच्या लांब शेंगा, भाजी म्हणजे अळू किंवा पालक, आणि सालीसकट शिजवलेली आंबटगोड कैरी. भोपळा आणि कैरी एकत्र मागून बघा. मांसाहारी असाल तर बोकडाचं मटण मागा. कोंबडी हाडासकट हवी की बिनहाडाची हे विचारतात. हाडासकट घ्या, चव तिच्यातच असते.

शाकाहाऱ्यांनी एवढ्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डबल्स, सहिना, फुलोरी, आलू पाय सहसा निर्धोक. कालालू हिरवा दिसला तरी त्यात अनेकदा खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. मॅकरोनी पायमध्ये चीजबरोबर अंडं असतं. पेलाऊ हा जाळलेल्या साखरेच्या रंगाचा भात जवळजवळ नेहमीच मांसाचा. बीफ अनेक ठिकाणी मिळतं, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावं. 'इटाल' अशी पाटी दिसली तर ते रास्ताफारी पंथाच्या पद्धतीचं शाकाहारी जेवण आहे, बिनधास्त जा.

वार, सण आणि पान

रविवारी दुपारी घरोघरी एकच बेत असतो: कालालू, मॅकरोनी पाय, साखर जाळून केलेली 'स्ट्यू' कोंबडी, भात आणि लाल राजमा. कोणी रविवारी जेवायला बोलावलं तर दुसरे सगळे बेत रद्द करा. हे जेवण हॉटेलात मिळतं, पण ते घरचंच खाणं आहे. जाताना काहीतरी प्यायला किंवा गोड घेऊन जावं, रिकाम्या हाताने जाऊ नये.

हिंदू घरच्या पूजेला किंवा लग्नाला जायची संधी मिळाली तर तिथलं जेवण या बेटावरचं सगळ्यात सुंदर जेवण आहे असं मी म्हणेन. केळीच्या पानासारख्या रुंद सोहारीच्या पानावर ते वाढतात. भात, डाळ किंवा कढी, पराठा, आणि सात प्रकारच्या भाज्या: चना-आलू, भोपळा, अळूची भाजी, कैरी, बोडी, कटहर अशा. कटहर म्हणजे तिथे फणस नव्हे. फणसाच्या कुळातलं 'शाटेन' नावाचं फळ आहे ते, त्याच्या बियांसकट रस्सा करतात. हाताने जेवायचं, मांस आणि दारू अजिबात नाही. गोडात परसाद, गोड भात आणि कुर्मा. कुर्मा म्हणजे कांड्यांच्या आकाराची, साखरेचा पाक चढवलेली शंकरपाळी. वडीलधाऱ्यांना 'सीताराम' म्हटलंत तर चेहरे उजळतात.

दिवाळीच्या सुमारास गेलात तर चग्वानासला दिवाळी नगर भरतं. १९८६ पासून चाललेला हा मेळा दिवाळीच्या आधी काही रात्री चालतो आणि तिथे मिळणारं सगळं खाणं शाकाहारी. नाताळात बेटाची चव पार बदलते: केळीच्या पानात बांधून वाफवलेले मक्याच्या पिठाचे पास्तेल, रममध्ये मुरवलेल्या मनुका-बेदाण्यांचा काळा केक, हॅम आणि लालबुंद सॉरेल.

संध्याकाळी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाकडे चालत जा. शहाळी, मक्याचं सूप आणि 'चाउ' तिथे मिळतं. कच्ची कैरी, अननस किंवा आंबाड्यासारखं पोमसिटे हे फळ मीठ, मिरची, लसूण आणि शॅडो बेनी हा कोथिंबिरीसारखा उग्र पाला लावून देतात ते चाउ. शाळेबाहेरच्या कैरी-तिखटमिठाची आठवण येईल. १९७१ साली सुनील गावसकरांनी एकाच कसोटीत १२४ आणि २२० केल्या ते क्वीन्स पार्क ओव्हल मैदान सव्हानापासून लांब नाही. तिथून पुढे सेंट जेम्स हा भाग लागतो, जिथे गल्ल्यांना कलकत्ता, दिल्ली, पाटणा अशी नावं आहेत आणि रात्री उशिरापर्यंत खाणं मिळतं.

समुद्राचं खाणं हवं असेल तर मराकस किनाऱ्यावर 'बेक अँड शार्क' प्रसिद्ध आहे: तळलेल्या फुगीर पावात तळलेला मासा, आणि चटण्या तुम्ही हाताने घालायच्या. शार्कऐवजी दुसरा मासा मागता येतो, आणि मी तोच मागायला सांगेन, कारण जगभर शार्कची संख्या घटते आहे. टोबॅगो या जोडबेटावर गेलात तर स्टोअर बे इथे रस्सेदार खेकडा आणि 'डम्पलिंग' खा. नारळाच्या दुधातला हा रस्सा मालवणी माणसाला लगेच आपलासा वाटेल. फक्त भाताऐवजी सोबत उकडलेले पिठाचे चपटे, घट्ट गोळे येतात. अंगावर चांगले कपडे नकोत, दोन्ही हात लागतात.

घरी करायला लागण्याआधी तीन गोष्टी

पहिली, करी पावडर. त्रिनिदादी पावडरीत लाल तिखट जवळजवळ नसतं, हळद भरपूर असते. घरी ४ चमचे धने, १ चमचा जिरं, अर्धा चमचा मेथी, अर्धा चमचा बडीशेप, अर्धा चमचा काळे मिरे मंद भाजून दळा आणि त्यात २ चमचे हळद मिसळा. ती वापरायची रीत महत्त्वाची: पावडर थेट तेलात टाकायची नाही. पाण्यात कालवून दाट लेप करायचा आणि तो गरम तेलात तेल सुटेपर्यंत परतायचा. लेप दाणेदार होऊन कढईला चिकटू लागला की झाला. कच्च्या हळदीचा वास राहिला तर पुढचं सगळं बिघडतं.

दुसरी, भाजलेलं जिरं. तिथे 'गिरा' म्हणतात. कोरडं, गडद तपकिरी होईपर्यंत भाजून पूड करतात आणि शेवटी घालतात. आपण ज्या रंगावर थांबतो त्याच्या पुढे एक पाऊल जायचं.

तिसरी, शॅडो बेनी. लांब, दातेरी पानांची ही वनस्पती कोथिंबिरीपेक्षा कितीतरी उग्र. भारतीय वंशाचे लोक तिला 'बंधनिया' म्हणतात, म्हणजे बनातला धना. आपल्याकडे ईशान्य भारतात ती सर्रास वापरतात. मिळाली नाही तर कोथिंबीर देठांसकट, दुपटीने घ्या.

डबल्स, सोळा बरे

रात्री १ वाटी काबुली चणे भिजत घाला, पाण्यात पाव चमचा सोडा घालून. सकाळी धुऊन कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या. चणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे.

पाव किलो मैदा, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा भाजल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा साखर आणि १ चमचा इन्स्टंट यीस्ट एकत्र करा. कोमट पाणी साधारण २०० मिलिलिटर लागेल. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल भिजवायचं. चपातीच्या सवयीने घट्ट मळलंत तर बरा पुरीसारखा होईल. माझा पहिला घाणा असाच वाया गेला. वर तेलाचा हात लावून, झाकून दुप्पट फुगेपर्यंत ठेवा. उन्हाळ्यात तासाभरात होतं, थंडीत दीड-दोन तास.

तोवर चणे करा. ३ चमचे तेलात चिरलेला कांदा आणि चार लसूण पाकळ्या, मग २ चमचे करी पावडरीचा लेप परतून घ्या. चणे घालून त्यात कालवा, मग दीड-दोन वाट्या पाणी, मीठ आणि एक अख्खी मिरची. मंद आचेवर वीस मिनिटं उकळू द्या. पळीच्या पाठीने पाव भाग चणे चिरडा म्हणजे रस दाट होतो. शेवटी जिरेपूड आणि शॅडो बेनी. ही उसळ घट्ट नको. पळीतून संथ ओघळेल इतकी सैल हवी.

चटण्या सोप्या आहेत. चिंचेचा कोळ, साखर, मीठ, लसूण आणि कोथिंबीर उकळून घ्या. काकडी किसून, पिळून तिला मीठ-लसूण-कोथिंबीर लावा. कुचेला करायला वेळ नसेल तर घरचं कैरीचं कोरडं लोणचं बारीक चिरून घाला.

आता बरे. हाताला तेल लावून पिठाचे सोळा गोळे करा, ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. तेल लावलेल्या ताटावर गोळा बोटांनीच थापून हाताच्या पंजाएवढा पातळ करा. लाटणं घेऊ नका. तेल चांगलं तापलेलं हवं. बरा सोडला की आठ-दहा सेकंदांत उलटा, तेवढ्याच वेळात काढा. लाल होऊ देऊ नका, पिवळा आणि मऊ राहिला पाहिजे. काढल्या काढल्या पातेल्यात फडकं अंथरून त्यात एकावर एक रचा आणि झाकण लावा. ही पायरी सोडू नका. अडकलेल्या वाफेनेच बऱ्याला ती कापसासारखी लवचिकता येते. जाळीवर निथळत ठेवलेला बरा पाच मिनिटांत कडक होतो.

बटर पेपरवर दोन बरे, वर चणे, चटण्या. लगेच खायला द्या.

कालालू, आपल्या अळूचा

जमैकातला कालालू वेगळा, तो माठाच्या कुळातल्या पालेभाजीचा. त्रिनिदादचा कालालू अळूचा, म्हणून मराठी स्वयंपाकघराला जास्त जवळचा. आपण फदफद्यात चणाडाळ, शेंगदाणे, चिंच, गूळ घालतो. तिथे भेंडी, लाल भोपळा आणि नारळाचं दूध घालतात. चिंच नाही, म्हणून खाजरं अळू चालणार नाही. भाजीचं, ओळखीच्या माणसाकडचं अळू घ्या.

दहा-बारा पानं देठांसकट घ्या. देठ सोलून बोटभर तुकडे करा, पानं चिरा. हाताला तेल लावायला विसरू नका. जाड बुडाच्या पातेल्यात अळू, आठ भेंड्यांचे तुकडे, १ वाटी लाल भोपळा, १ कांदा, पाच लसूण पाकळ्या, मूठभर पातीचा कांदा, मिळाल्यास थाइमची काडी, २ वाट्या दाट नारळाचं दूध आणि १ वाटी पाणी एकत्र करा. मीठ घाला. वर एक अख्खी, न चिरलेली मिरची तरंगत ठेवा. ती फुटता कामा नये, तिचा फक्त वास हवा. मिळाली तर हबानेरो वापरा, नाहीतर जाड सालीची हिरवी मिरची. खेकडा घालायचा असेल तर साफ करून, फोडून निम्म्या वेळाने घाला.

मंद आचेवर झाकून पाऊण तास शिजवा. देठ पूर्ण विरघळले पाहिजेत. घाईने उतरवलेलं अळू घशाला खाजतं. मिरची अलगद बाहेर काढा आणि मग रवी घ्या. तिथे यासाठी लाकडी घुसळणीच वापरतात आणि डाळीलाही तीच असते, तिला 'घोटनी' म्हणतात. रवीने घोटलेल्या कालालूला जो दाट, रेशमी पोत येतो तो मिक्सरने येत नाही, मिक्सरमध्ये भेंडी गोंदासारखी ताणते. खेकडा असेल तर घोटण्याआधी बाजूला काढा, नंतर परत घाला. उतरवल्यावर थोडा लिंबाचा रस पिळला तर घशाची धास्ती राहत नाही. ही भर माझी आहे, तिथली नव्हे. गरम भातावर ओतून खा.

पेलाऊ, ओल्या तुरीचा

हिवाळ्यात विदर्भ-खानदेशात तुरीचे ओले दाणे, सोले, बाजारात येतात तेव्हाच हा करा. त्रिनिदादमध्ये पेलाऊला हेच दाणे लागतात. अर्धा किलो कोंबडीला लसूण, पातीचा कांदा, कोथिंबीर, मीठ वाटून तासभर लावून ठेवा. जाड कढईत २ चमचे तेल तापवून त्यात ३ चमचे साखर टाका आणि हलवू नका. साखर वितळेल, फेसाळेल, बदामी होईल, मग गडद तपकिरी. धूर निघायच्या बेताला येताच कोंबडी घाला. एक क्षण आधी घातली तर पेलाऊ गोड होतो, एक क्षण उशीर झाला तर कडू. या क्षणाला दारावरची घंटा वाजली तरी जाऊ नका. कोंबडीच्या तुकड्यांना चौफेर रंग चढला की दीड वाटी सोले, १ वाटी भोपळा-गाजराचे तुकडे, २ वाट्या धुतलेला तांदूळ, २ वाट्या नारळाचं दूध, २ वाट्या पाणी, मीठ आणि अख्खी मिरची. झाकून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. तो मोकळा नको, जरा ओलसरच हवा. शाकाहारी करताना साखर जाळल्यावर आधी कांदा आणि सोले परता. रंग तोच येतो, चवही राहते.

सॉरेल

सॉरेल म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांभोवतीची मांसल, लाल पुटं. आपण अंबाडीचा पाला भाजीला घेतो आणि बोंडं पुष्कळदा शेतातच सोडतो. ओली मिळाली तर बी काढून टाका, वाळलेली असतील तर तशीच घ्या. २ वाट्या वाळलेल्या बोंडांना ८ वाट्या पाणी, बोटभर आलं ठेचून, दालचिनीचा तुकडा, पाच-सहा लवंगा आणि संत्र्याच्या सालीची पट्टी. दहा मिनिटं उकळा, झाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं, आंबट रस अ‍ॅल्युमिनिअमला लागतो. सकाळी गाळून चवीप्रमाणे साखर घाला. वाटते त्यापेक्षा जास्त लागेल. फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवल्यावर आलं आणि लवंग मुरतात, तेव्हा बर्फ घालून प्यायला द्या.